आमचं घर ॲब्स्ट्रॅक्ट नाही

पहिल्या वर्षाच्या शेवटी मी जावाच्या, म्हणजे प्रोग्रामिंगच्या, प्रात्यक्षिकात नापास झाले. बाकीचे विषय सुटले, हा एकच राहिला. जुलैमध्ये पुन्हा परीक्षा होणार होती, आणि तीत सुटले नाही तर दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळणार नव्हता. म्हणजे वर्षभर घरी. आमच्या वाडीतून माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे वर्षभर घरी बसलेली मुलगी परत कॉलेजात जाते की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आई-बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं असं मला वाटायचं. ते फक्त विचारायचे, "पण नक्की चुकलं काय?" आणि मला सांगता यायचं नाही.

आमची वाडी पासलीच्या पुढे, डोंगराला चिकटून. कॉलेज भोरला. मी उत्रोलीत मावशीकडे राहते, तिथून भोर इतकं जवळ की गाडी चुकली तर चालत जाता येतं. कॉलेजात येईपर्यंत मी कॉम्प्युटरला हात लावला होता तो फक्त शाळेत, तोही बंद असलेल्या. त्यामुळे सुरुवातीला मला वाटायचं की माझ्या वर्गातल्या मुलामुलींना जे कळतं ते त्यांना आधीपासून माहीत असणार, आणि विचारलं तर आपलं अडाणीपण उघडं पडेल. मी विचारायची नाही. घरी जाऊन पाठ करायची.

पाठ केलेला प्रोग्राम परीक्षेत बरोबर यायला हवा होता. पण कुठेतरी एक महिरपी कंस जास्तीचा पडला आणि पडदा भरून एरर आले. सगळ्यांत एकच ओळ, पुन्हा पुन्हा: क्लास, इंटरफेस किंवा एनम अपेक्षित. एनम म्हणजे काय ते आम्हाला तोवर शिकवलंही नव्हतं. पण एरर ते मागतोय म्हटल्यावर मी वरती 'एनम' असा शब्द लिहून टाकला. एरर वाढले. मग खाली लिहून पाहिला. वेळ संपली तेव्हा माझ्या प्रोग्रामात चार ठिकाणी एनम होतं आणि तो मुळात कशाबद्दल होता हे ओळखूही येत नव्हतं.

आता लिहिताना हे हसू येण्यासारखं वाटतं. तेव्हा मात्र मला तेच शहाणपण वाटलं होतं, आणि त्याला कारणही होतं. आमच्या घरी सरकारी कागद वाचायचं काम मी सातवी-आठवीपासून करत आले. बाबा वेल्ह्याला तहसीलमध्ये अर्ज द्यायचे, काही दिवसांनी तो परत यायचा, वर शेरा: रहिवासी दाखला जोडलेला नाही. मी वाचून दाखवायची. बाबा काही न बोलता दाखला काढायला जायचे. पुन्हा शेरा: स्वयंघोषणापत्र नाही. ते जोडायचं. कशासाठी हवं, खरंच हवं का, हे विचारायची पद्धत नव्हती. "जे न्हाई म्हणत्यात ते आणून द्यायचं, पोरी. वाद घालायचा न्हाई. वाद घातला की अजून एक कागद वाढतो," असं बाबा म्हणायचे. आणि त्यांचे अर्ज मंजूर व्हायचे. माझा कॉलेजचा प्रवेशसुद्धा अशाच एकेक कागदाने झाला. मग मशीनने पडद्यावर 'अमुक नाही' असं लिहिल्यावर मी दुसरं काय करणार होते?

जूनमध्ये मी धीर करून सरांना भेटले. आमचे सर तरुण आहेत, भराभर बोलतात, बोलताना मोबाईल बघतात. ते म्हणाले, "पुन्हा ॲब्स्ट्रॅक्ट क्लास येण्याची शक्यता आहे. पुस्तकातलं आकार-वर्तुळाचं उदाहरण पाठ करू नकोस. स्वतःचं काहीतरी उदाहरण घे. आणि एरर वाचायला शीक."

"वाचते, सर."

"वाचत नाहीस तू. घाबरतेस."

मला ते लागलं. मी वाचतच होते. इतकं वाचत होते की झोपेत मला ती ओळ पाठ म्हणता आली असती.

स्वतःचं उदाहरण म्हणून मी सावड घेतली. आमच्याकडे आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, मजूर लावत नाहीत, सावड करतात. आज तुमच्या खाचरात आमच्या घरचं माणूस, उद्या आमच्या खाचरात तुमच्या घरचं. सरांनी शिकवल्याप्रमाणे मी आधी 'घर' नावाचा एक ॲब्स्ट्रॅक्ट क्लास केला. क्लास म्हणजे एक साचा, आणि ॲब्स्ट्रॅक्ट म्हणजे ज्यात काम करायचं एवढं ठरलेलं असतं, पण ते कसं करायचं ते लिहिलेलं नसतं. लिहायचं ते त्याच्यापासून निघालेल्या पुढच्या क्लासने. माझ्या 'घर'ने एकच गोष्ट ठरवून दिली होती: माणूस पाठव. मग त्यापासून मी 'आमचं घर' हा क्लास काढला आणि त्यात माणूस पाठवायचं काम लिहिलं. शब्द मराठी, अक्षरं इंग्रजी. लिहून झाल्यावर मला पहिल्यांदाच काहीतरी आपलं केल्यासारखं वाटलं.

ते मशीनला दिलं तर एकच एरर आला. एकच, म्हणून आधी बरं वाटलं. त्यात लिहिलं होतं: 'आमचं घर' इज नॉट ॲब्स्ट्रॅक्ट अँड डज नॉट ओव्हरराइड ॲब्स्ट्रॅक्ट मेथड. आणि पुढे अजून काहीबाही. म्हणजे, आमचं घर ॲब्स्ट्रॅक्ट नाही, आणि वरून ठरवून दिलेलं कामही त्याने केलेलं नाही.

पण मी काम लिहिलं होतं. तिथेच, डोळ्यांसमोर, 'माणूस पाठव' असं लिहिलं होतं. मी बोट ठेवून पाहिलं. पुसून पुन्हा लिहिलं. तरी तो म्हणे, केलेलं नाही. आपण एखादी गोष्ट केली आहे आणि समोरचा शांतपणे नाही म्हणतो, याने जीव कसा कासावीस होतो ते मला नीट सांगता येणार नाही. माणूस असता तर त्याला हाताला धरून दाखवलं असतं.

त्यातच आईचा निरोप आला. तिच्या हाताला कोयता लागला होता, टाके पडले होते, चिखलात हात घालायला डॉक्टरांनी मनाई केली होती. आणि वरच्या घरच्या काकीची सावड फेडायची राहिली होती, म्हणजे तिच्या खाचरात आमच्या घरचं माणूस जायला हवं होतं. परीक्षा आठवड्यावर आलेली. मावशी चिडली. "तिकडं गेलीस की गेलीस. पुस्तक तरी उघडशील का चिखलात?"

"मोबाईल नेते."

"मोबाईल! तिथं रेंज तरी येती का?"

येत नाही हे मलाही माहीत होतं. तरी गेले. नसरापूरला गाडी बदलली, विंझरला खिडकीतून ओळखीच्या दुकानदाराने हात केला, मी परत हात केला की नाही ते आठवत नाही. मी मांडीवर बोटाने कंस काढत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकीच्या खाचरात उतरले तेव्हा बाया रांगेत लागल्याही होत्या. प्लास्टिकची खोळ डोक्यावर, पाठ वाकलेली. काकीने मान वर करून पाहिलं.

"आली बाय कॉम्प्युटरवाली! आता काय, बटण दाबून भात लावायचं का?"

"लावू की काकी, तुमी हुकूम करा," मी म्हणाले.

"आगं, हुकूम केला असता पर तुजी आई लावती तशी रांग येईल का तुला? का मधीच चार्जिंग संपंल?"

सगळ्या हसल्या. मीही हसले आणि रोपांची मूठ उचलली. पहिला तासभर हात बरोबर चालले. मग मन निसटलं. केलंय, तरी केलं नाही म्हणतो. केलंय, तरी नाही. रोपं वाकडी पडायला लागली. बाजूची आजी म्हणाली, "पोरी, किती खोल खुपसतीस? ते भात हाय, खांब न्हाई."

"लक्ष न्हाई तिचं," काकी म्हणाली. "कुणाचा इचार चाललाय गं?"

"परीक्षेचा."

"नाव काय त्याचं?"

पुन्हा हशा. मी चिखलाने भरलेल्या हाताने कपाळ पुसलं, त्यावर आणखी हसल्या. मला त्यांचा राग आला नाही. पण पाय एका जागी ठरत नव्हते. तिथे असताना कॉलेज आठवायचं, कॉलेजात असताना हे खाचर आठवायचं, आणि दोन्हीकडे मी अर्धीच असायची. दुपारच्या भाकरीच्या वेळी मला एकदम वाटलं की आपण उगाच डोकं फोडतोय. त्याने सरळ सांगितलंय. 'आमचं घर ॲब्स्ट्रॅक्ट नाही.' जे नाही ते आणून द्यायचं.

काम सुटल्यावर हातपाय धुऊन मी शाळेच्या ओट्यावर गेले. वाडीत रेंज मिळते ती तिथेच, आणि तीही भिंतीला टेकून उभं राहिल्यावर. मोबाईलमधल्या ॲपवर प्रोग्राम उघडला आणि 'आमचं घर' या नावाआधी एक शब्द टाकला: ॲब्स्ट्रॅक्ट. गोल फिरत राहिलं. मग एरर गेला. मी ओट्यावर अक्षरशः उडी मारली. शाळेजवळ शेळ्या घेऊन चाललेल्या एका काकांनी विचारलं, "काय, लागला का निकाल?"

"न्हाई, अजून परीक्षाच व्हायचीय."

"मग आत्ताच कशाला उड्या?"

त्यांचं बरोबर होतं. खाली पाहिलं तर दुसरा एरर आलेला. आता म्हणे 'आमचं घर' ॲब्स्ट्रॅक्ट आहे, त्यामुळे ते प्रत्यक्षात तयार करता येणार नाही. मघाशी ॲब्स्ट्रॅक्ट नाही म्हणून तक्रार, आता आहे म्हणून तक्रार. मला तहसीलमधल्या, एकमेकांच्या उलट सांगणाऱ्या दोन टेबलांची आठवण झाली, पण तिथेही आम्ही कधी भांडलो नव्हतो. तयार करता येत नाही ना? मग नको करायला. जिथे मी आमचं घर तयार करत होते ती ओळच मी काढून टाकली. तिच्याखालची माणूस पाठवायची ओळही काढली. आता एकही एरर नव्हता.

काहीच छापून येत नव्हतं, हेही खरं. पण मी स्वतःला समजावलं की एरर नाही म्हणजे मंजूर.

घरी आले तर आई चुलीपाशी एका हाताने पीठ मळायचा प्रयत्न करत होती. मी परात ओढून घेतली.

"झालं का तुजं ते?" तिने विचारलं.

"झालं."

"मग तोंड असं का?"

"दमलेय."

आई बांधलेल्या हाताकडे बघत म्हणाली, "न्हाई झालं तरी सांग हां. आमाला कळत न्हाई त्यातलं. पर सांगितलंस की बरं वाटतं." मी मान हलवली. सांगायला माझ्याकडे शब्द असते तर मी सांगितलंच असतं.

परीक्षेच्या दिवशी लॅबमध्ये आम्ही मोजकेच होतो, सगळे राहिलेले. बाहेरच्या कॉलेजातून एक मॅडम परीक्षक म्हणून आल्या होत्या. केस पांढरे, आवाज हळू. चिठ्ठी उघडली तर सर म्हणाले होते तेच: ॲब्स्ट्रॅक्ट क्लास वापरून आपल्या आवडीचं उदाहरण लिहा. मी सावड लिहायला घेतली. सगळं आठवत होतं. तोच एरर आला. मी तेच उपाय केले. पडदा स्वच्छ झाला आणि मी हात मांडीवर ठेवून बसले.

मॅडम माझ्या खुर्चीमागे आल्या. "चालव."

मी चालवला. काहीच आलं नाही.

"आउटपुट कुठे आहे?"

"नाही, मॅडम."

त्या वाकून वाचू लागल्या. "सावड. बरं. आणि हा 'आमचं घर' ॲब्स्ट्रॅक्ट का केलास?"

"त्याने सांगितलं म्हणून."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या शेजारच्या मुलाकडे. "कोणी? याने?"

तो मुलगा दचकून म्हणाला, "मी काही नाही बोललो, मॅडम!" दाराशी उभे असलेले सर पुढे आले. नापास होणं एक, पण कॉपी केली असं ठरलं तर मावशीच्या दारात तरी कोणत्या तोंडाने जायचं?

"नाही मॅडम," मी कसंबसं म्हणाले. "एररने सांगितलं."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत. खुर्ची ओढून माझ्या बाजूला बसल्या.

"काय सांगितलं एररने?"

"की आमचं घर ॲब्स्ट्रॅक्ट नाही. म्हणून मी केलं."

"अगं, त्याने कर म्हणून नाही सांगितलं. त्याला जे दिसलं ते तो बोलला. माझी साडी हिरवी नाही असं तू म्हणालीस, तर मी घरी जाऊन हिरवी नेसून येऊ का?"

त्यांची साडी निळी होती.

"आणि अजून काय म्हणाला तो?"

"की वरचं काम केलं नाही. पण मी केलंय, मॅडम. हे बघा, इथे आहे."

"आणि त्याच्या पुढे?"

पुढे काहीतरी होतं हे मला माहीत होतं. पण आपल्यावर आळ आला की माणूस पुढचं ऐकत नाही, तसं माझं दर वेळी तिथेच थांबायचं.

"पुढचं नाही वाचलं," मी म्हणाले.

"मग वाच. वेळ आहे अजून." त्या उठून दुसरीकडे गेल्या.

वाचायचं तर एरर परत आणावा लागणार होता. घालवायला इतकी धडपड केली, तोच. मी ॲब्स्ट्रॅक्ट हा शब्द खोडला, काढलेल्या ओळी परत लिहिल्या आणि एंटर दाबलं. तो आला. मी ओठ हलवत शेवटपर्यंत वाचला, लहान मुलं पाटी वाचतात तसा. न केलेल्या कामाचं नाव होतं माणूस पाठव. त्या नावापुढे कंस होता. आणि कंसात होतं: स्ट्रिंग. स्ट्रिंग म्हणजे मजकूर, एखादं नाव वगैरे.

वरच्या 'घर'मध्ये मीच तसं लिहिलं होतं. माणूस पाठव, आणि कंसात, कोणाकडे. सरांच्या नमुन्यात कंसात काहीतरी असायचं म्हणून मीही लिहिलं होतं. खाली 'आमचं घर'मध्ये मात्र माझा कंस रिकामा होता. का, ते मला तिथे बसल्याबसल्या कळलं. आमच्या घरातून माणूस कोणाकडे जायचं हे आजवर कोणी विचारलेलंच नाही. आजोबांपासून आमची सावड वरच्या घराशी. ते काय लिहायचं असतं? माझ्या हाताने ते आपोआप सोडून दिलं होतं. मशीनला आजोबा माहीत नव्हते. त्याच्या दृष्टीने 'कोणाकडे' विचारून माणूस पाठवणं हे एक काम, आणि न विचारता पाठवणं हे दुसरंच. मी दुसरं केलं होतं. पहिलं खरंच केलं नव्हतं.

म्हणजे तो खोटं बोलत नव्हता. पण मीही बोलत नव्हते. एवढ्या दिवसांत मला पहिल्यांदा थोडी सुटका वाटली ती याची.

मी रिकाम्या कंसात 'कोणाकडे' लिहिलं. जिथून माणूस पाठवायचं होतं तिथे 'वरचं घर' असं नाव दिलं. एंटर दाबलं. काहीच झालं नाही. ना एरर, ना शाबासकी, नुसता कर्सर पुढच्या ओळीवर येऊन लुकलुकत राहिला. मशीन अडकलं असं वाटून मी थांबून राहिले.

"आता चालव की," मॅडम लांबूनच म्हणाल्या.

चालवला. पडद्यावर एक ओळ उमटली: आमच्या घरचं माणूस वरच्या घराकडे निघालं.

मॅडम आल्या, त्यांनी ओळ वाचली. "हे सावड म्हणजे काय?" मी सांगितलं. त्यांनी दोनदा मधे थांबवून विचारलं, जो येत नाही त्याचं काय करतात, आणि मी सांगितलं की असं होत नाही, आणि झालं तर पुढच्या वर्षी कोणी बोलावत नाही. मग त्या म्हणाल्या, "बरं, शेवटचा प्रश्न. 'आमचं घर' तयार करता येतं, पण नुसतं 'घर' तयार करता येत नाही. का?"

पुस्तकातली व्याख्या मला येत होती. पण तोंडातून दुसरंच आलं. "नुसतं घर नसतंच ना मॅडम. कोणाचं तरी असतं."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, सरांना दाखवलं आणि पुढच्या मुलाकडे गेल्या. सर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "सुटलीस. दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला सोमवारपासून ये."

मी हो म्हणाले. बाहेर जाऊन घरी फोन लावायला हवा होता, मावशीला सांगायला हवं होतं. पण मला उठवेना. मी 'कोणाकडे' हा शब्द पुन्हा खोडला आणि एंटर दाबलं. एरर आला. मी तो सावकाश, पहिल्या अक्षरापासून वाचायला लागले.

"अगं, झालं ना आता!" सर दारातून ओरडले. "चांगलं चाललेलं मोडतेस कशाला?"

"एकदाच, सर," मी म्हणाले. "आत्ता भीती नाही, तोवर बघून घेते."